पत्र मुलीलाही यायला हवं, पण बूट तिच्या मापाचे हवेत

नॉर्वेतल्या स्टाव्हँगरहून एका ताईंनी विचारलंय. त्या मूळच्या सांगलीच्या. नोकरीनिमित्त तिकडे गेल्या आणि आता सगळं कुटुंब नॉर्वेचं नागरिक आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलीला सतरावं लागलं आणि सैन्यासाठीची प्रश्नावली भरा म्हणून पत्र आलं. हे म्हणतात, ज्या मुलींना हौस असेल त्यांनी जावं, सक्ती कशाला? मुलगी म्हणते, दोन वर्षांनी धाकट्या दादूला असंच पत्र येईल तेव्हा बाबा काही बोलणार नाहीत, मग माझ्याच वेळी का? सांगलीहून सासूबाई रोज फोनवर रडतात. तुम्ही सैन्यात डॉक्टर होतात. सक्तीच्या लष्करी सेवेत मुलींना घ्यावं का? त्यांच्या शरीराला झेपतं का?"

ताई, आधी माझं मत सांगते. ज्या देशात मुलग्यांना सक्तीचं बोलावणं जातं, तिथे ते मुलींनाही गेलं पाहिजे. तुमची लेक बरोबर बोलतेय. पण बोलावणं सारखं असावं म्हणजे सगळ्यांना एकाच साच्यात घालावं, असा त्याचा अर्थ होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मुली जायबंदी होतात. मी बावीस वर्षं लष्करात डॉक्टर होते आणि त्यातला बराच काळ प्रशिक्षण केंद्रांच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, गेला. सकाळी सहाला सिक रिपोर्टच्या, म्हणजे आजारी असल्याचं कळवायच्या, रांगेत लंगडत आलेली पोरं-पोरी मी तपासल्या आहेत. म्हणून शरीराबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे.

पण आधी सासूबाईंचं रडणं थांबवू. पत्र आलं म्हणजे मुलगी सीमेवर निघाली असं नाही. नॉर्वेत दरवर्षी साधारण साठ हजार मुलामुलींना ही प्रश्नावली जाते. त्यातल्या काहींना पुढे प्रत्यक्ष बोलावून वैद्यकीय तपासणी, शारीरिक चाचणी आणि मुलाखत होते. शेवटी सेवेत जातात ते सहापैकी एकाच्या आसपास, आणि त्यांत सुमारे एक तृतीयांश मुली असतात. सेवा बहुधा बारा महिन्यांची. इच्छा आहे का, हे विचारतात आणि त्या उत्तराला वजनही देतात. तरी कायद्याने ती सक्तीच आहे. निवड झाली आणि मन नाही, एवढ्यावर सुटका होत नाही. शस्त्र हाती घेणं ज्यांच्या श्रद्धेत किंवा विचारात बसत नाही, त्यांना सूट मागता येते.

तुमच्या यजमानांचा 'हौस असेल तिने जावं' हा मार्ग नॉर्वेने बरीच वर्षं चालवून पाहिला. लढाऊ कामांसह सगळी पदं स्त्रियांना 1985 सालीच खुली झाली होती. 1995 मध्ये एक स्त्री पाणबुडीची कप्तान झाली, जगात पहिलीच. दार सताड उघडं, पण आत येणाऱ्या मुली मोजक्या. कारण साधं आहे. मुलग्याला पत्र येतं, तो तपासणीला जातो, तिथे त्याला कळतं की आपल्याला हे जमेल. मुलीला पत्रच येत नाही, म्हणजे तिला आधी स्वतःच ठरवावं लागतं की मी सैनिक व्हायच्या लायकीची आहे. सतराव्या वर्षी, मैत्रिणींत एकटीने, हे ठरवणाऱ्या थोड्याच. 2013 साली, स्त्रियांच्या मताधिकाराला शंभर वर्षं झाली त्याच वर्षी, तिथल्या संसदेने सक्ती दोघांनाही लागू करायचं ठरवलं. 1 जानेवारी 2015 पासून कायदा अमलात आला, 1997 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी. 2016 च्या उन्हाळ्यात पहिल्या मुली दाखल झाल्या. स्वीडनने 2010 मध्ये थांबवलेली सक्ती 2017 मध्ये परत आणायचं ठरवलं, तेव्हा ती सुरुवातीपासूनच दोघांसाठी आणली. डेन्मार्कने 1 जुलै 2025 पासून अठरा वर्षांच्या होणाऱ्या मुलींनाही सक्तीच्या सेवेच्या सोडतीत घेतलं. सगळ्या जागा स्वेच्छेने येणाऱ्यांनी भरल्या नाहीत, तर चिठ्ठी मुलीच्याही नावाची निघू शकते.

आता शरीर. झेपतं का, याचं माझं उत्तर 'झेपतं, पण कसं झेपवता त्यावर आहे' असं आहे. आणि हे उत्तर मी गुळमुळीतपणे देत नाही.

सरासरी मुलीची दंड-खांद्यांची ताकद सरासरी मुलग्यापेक्षा बरीच कमी असते, पायांतला फरक त्यामानाने कमी. हाडं बारीक, रक्तातलं हिमोग्लोबिन कमी. अठरा-वीस किलोचा पिट्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, दोघांना दिला तर साठ किलोच्या पोरापेक्षा पन्नास किलोच्या पोरीवर त्याचा बोजा जास्त पडतो, हा सरळ हिशोब आहे. प्रशिक्षणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलींना स्ट्रेस फ्रॅक्चर मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त होतात. हे फ्रॅक्चर पडून-आपटून होत नाही. रोजच्या धावण्याने, कवायतीने हाडावर बारीक ताण पडतो, हाड स्वतःची डागडुजी करतं, पण ताण डागडुजीच्या पुढे गेला की तडा जातो. बहुतेकदा नडगीला, पावलाला. मुलींमध्ये ओटीपोटाच्या हाडाला आणि मांडीच्या हाडाच्या मानेलाही, म्हणजे खुब्याजवळच्या भागाला. शेवटचं फार वाईट. वेळेत ओळखलं नाही तर हाड पूर्ण मोडतं आणि ऑपरेशन करावं लागतं.

ब्रिटनच्या सैन्याने 1998 मध्ये समानता म्हणून सगळ्या रिक्रूटांना, म्हणजे नव्याने भरती झालेल्यांना, एकच प्रशिक्षण लावलं. आधी मुलींना थोडं वेगळं असे. परिणाम असा झाला की अतिताणाच्या दुखापतींमुळे वैद्यकीय कारणावर घरी पाठवलेल्या मुलींचं प्रमाण 4.6 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर गेलं. मुलग्यांचं दोन्ही पद्धतींत दीड टक्क्याच्या आतच राहिलं. हे आकडे मी कित्येक बैठकांत मांडले आहेत आणि दर वेळी कोणीतरी म्हणालं, "बघा, मुलींना जमत नाही." मला त्यातून दुसरंच दिसतं. तिथे 88-89 टक्के मुली त्या चुकीच्या पद्धतीतूनही या कारणाने बाहेर पडल्या नाहीत, आणि पद्धत बदलली की गळतीही बदलते.

पावलाचीच गोष्ट घ्या. कवायतीत सगळ्यांचं पाऊल एकसारखं पडावं लागतं. ते पाऊल तीस इंचांचं, म्हणजे पुरुषाच्या मापाचं. पाच फूट उंचीची मुलगी ते टाकते तेव्हा प्रत्येक पावलाला कंबर फिरवून पाय ताणते आणि ओढ बसते ती ओटीपोटाच्या हाडावर. ब्रिटिश हवाई दलातल्या तीन मुलींची हाडं अशीच दुखावली आणि 2013 साली त्यांना मोठी नुकसानभरपाई मिळाली. उपाय काय? बुटक्या मुली पुढे ठेवा, त्यांच्या पावलावर तुकडी चालवा, पाऊल सत्तावीस इंचांवर आणा. एक पैसा खर्च नाही. तरी हे करून घ्यायला मला एका केंद्रात दीड वर्ष लागलं, कारण कवायत शिकवणाऱ्या उस्तादांना वाटायचं परेडची शोभा जाईल.

बूट हा दुसरा विषय. मुलीची टाच तिच्या पावलाच्या पुढच्या भागाच्या मानाने अरुंद असते. पुरुषाचा सहा नंबर तिला दिला की पुढे बसतो आणि मागे टाच लपालपा उचलते. मग ती दोन-दोन मोजे घालते, पाय घामेजतो, फोड येतात, फोड चुकवायला वाकडं चालते आणि तीन आठवड्यांत नडगी धरते. पिट्ठूचा पट्टा कमरेवर बसायला हवा, तो पुरुषाच्या लांब पाठीसाठी शिवलेला असतो म्हणून मुलीच्या खांद्यांवरच सगळं ओझं येतं. अगदी तुमच्या नॉर्वेतही 2022 च्या सुरुवातीला बातमी होती की करोनामुळे पुरवठा आटला म्हणून सेवा संपवून जाणाऱ्यांनी मोजे, आतले कपडे, ब्रासुद्धा परत करायच्या, पुढच्या तुकडीला धुऊन देण्यासाठी. श्रीमंत देशातही सैन्याचं कोठार मुलींना धरून भरलेलं असेलच असं नाही.

एक घटना लिहिते. कुठली, कधीची ते नाही लिहीत. एक प्रशिक्षणार्थी मुलगी, धावण्यात तुकडीत पहिल्या पाचांत. तिने तीन आठवडे जांघेतलं दुखणं लपवलं. कारण सिक रिपोर्टला गेलं की मागून शेरे यायचे, "आल्या नाजूक बाया." शेवटी आली तेव्हा एक्स-रे स्वच्छ होता. सुरुवातीच्या काळात एक्स-रेत स्ट्रेस फ्रॅक्चर बहुतेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. मला हे ठाऊक होतं. पण एमआरआयसाठी तिला दूरच्या इस्पितळात पाठवावं लागलं असतं आणि तिची परीक्षा आठ दिवसांवर होती. ती हात जोडून म्हणाली, "मॅडम, एवढे आठ दिवस." मी स्नायूचं दुखणं असं लिहून हलकी ड्यूटी दिली. सहाव्या दिवशी मांडीच्या हाडाची मान मोडली. ती आज चालते, पण गणवेशात नाही. त्या कागदावर सही माझी आहे. त्यानंतर जांघेत दुखतंय म्हणणाऱ्या एकाही मुलीला मी एमआरआयशिवाय परत पाठवलं नाही, मग कमांडिंग ऑफिसर कितीही चिडोत.

म्हणून मी म्हणते, की कामाची कसोटी कामाप्रमाणे लावा आणि ती सगळ्यांना एकच लावा. तोफगोळा उचलायचा असेल तर गोळ्याचं वजन उचलणाऱ्याकडे बघून कमी होत नाही. ज्याला किंवा जिला तो उचलतो त्याने ते काम करावं. पण त्या कसोटीपर्यंत पोचवायचा रस्ता शरीर पाहून आखा. ओझं हळूहळू वाढवा, दर चार-पाच आठवड्यांनी धावणं कमी करून हाडांना सावरायला सवड द्या. नॉर्वेने 2014 मध्ये फक्त मुलींची एक खास तुकडी उभी केली, जेगरट्रोपेन नावाची. लांब पल्ल्याची टेहळणी, पॅराशूट, बर्फातली मोहीम, सगळं त्यांत आहे. निवड कठोर, गळती भरपूर, पण रस्ता मुलींसाठी आखलेला.

आता यजमानांच्या मनातली खरी काळजी, जी ते कदाचित उच्चारत नसतील. मुलीला धोक्यापासून दूर ठेवावं. बापाला हे वाटणारच. पण 'मुलींना लढाईत नको, मागच्या कामांत ठेवा' या व्यवस्थेने मुली सुरक्षित राहतात का, हे इस्रायलमध्ये दिसलं. तिथे 1949 च्या कायद्यापासून मुलींना सक्तीची सेवा आहे. मुलींची साधारण दोन वर्षं, मुलग्यांची त्याहून लांब. विवाहित, आई झालेल्या आणि धार्मिक कारण देणाऱ्या मुलींना सूट. गाझाच्या सीमेलगत नाहल ओझ नावाच्या तळावर निरीक्षक म्हणून बसायच्या त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलीच. काम पडद्यावर नजर ठेवायचं, हातात शस्त्र नाही. सीमेपलीकडे काहीतरी शिजतंय हे आपण वर कळवत होतो आणि कोणी मनावर घेतलं नाही, असं वाचलेल्या मुली आणि त्यांचे आईबाप सांगतात. 7 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी तळावर हल्ला झाला, त्यांतल्या अनेक जणी मारल्या गेल्या आणि सात जणींना पळवून नेलं. त्या 'लढाऊ' नव्हत्या. सक्ती अर्धी, हत्यार नाही आणि शब्दाला वजन नाही, ही सगळ्यांत धोक्याची जागा. मुलीला बोलवायचंच असेल तर पुरतं बोलवा.

इस्रायलचं उदाहरण आपल्याला वाटतं तितकं दूरचं नाही. रायगड-अलिबागच्या गावांतून तिकडे गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांत अजून मराठी बोलतात, आणि त्या घरांच्या मुली दोन-तीन पिढ्या ही सेवा करत आल्या आहेत. त्यांच्यामुळेच एक व्यवहाराची गोष्टही आठवली. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा राहिलेल्या माणसाला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) देण्यावर भारताचे निर्बंध आहेत. सक्तीची सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या इस्रायली लोकांना कार्ड मिळेल, असं पंतप्रधान मोदींनी जुलै 2017 मध्ये तेल अविवच्या सभेत जाहीर केलं होतं. तुमच्या मुलीचं कार्ड असेल तर सेवा सुरू होण्याआधी ऑस्लोच्या भारतीय दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

फक्त मुलग्यांनाच बोलावलं की काय होतं, ते दक्षिण कोरियात बघा. तिथे मुलगे सैन्यात दीड वर्ष घालवतात, मुली नाही. सेवा केलेल्यांना सरकारी नोकरीच्या परीक्षेत 3 ते 5 टक्के जादा गुण मिळायचे. काही स्त्रिया आणि एक अपंग तरुण न्यायालयात गेले आणि डिसेंबर 1999 मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते गुण रद्द केले. निकाल योग्यच होता, पण मुलग्यांच्या मनात तो सल राहिला आणि तरुण मुलं-मुली एकमेकांकडे वैऱ्यासारखं बघू लागली. केवळ पुरुषांची सक्ती घटनेला धरून आहे, असं त्याच न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. तिथल्या मुलींचं यात भलं झालं असं मला वाटत नाही. सेवेचा मोबदला मागणारे एका बाजूला, त्यात वाटाच नसलेल्या दुसऱ्या बाजूला. अमेरिकेतली गोष्ट आणखी विचित्र. 1981 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्त्रिया लढाईत जात नाहीत, म्हणून भरतीच्या यादीत त्यांची नावं नकोत. पुढे सगळी लढाऊ पदं स्त्रियांना खुली झाली, पण यादी पुरुषांचीच राहिली.

विरोधातला एक मुद्दा मात्र मी हलक्याने घेत नाही. कोरियातल्याच कितीतरी बायका म्हणतात, की बाळंतपण, मुलं, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचं करणं हे सगळं आम्ही बिनपगारी करतोच, वर बंदूकही आम्हीच उचलायची का? हा हिशोब खोटा नाही. माझं म्हणणं एवढंच, की एकोणिसाव्या वर्षीच्या बारा महिन्यांचा आणि तिशीतल्या बाळंतपणाचा झगडा होत नाही. जिथे बाळंतपणाची भरपगारी रजा बापालाही मिळते आणि तो ती घेतो, त्या नॉर्वेसारख्या देशात मुलीला पत्र पाठवण्याचा नैतिक अधिकार सरकारला आहे. जिथे घरातलं सगळं बाईच्याच गळ्यात आहे, तिथे सरकारने आधी ते ओझं वाटून घ्यावं. आणि प्रत्यक्ष युद्धात लहान मुलांच्या आईला बोलावणं ही वेगळीच गोष्ट, ती मी मान्य करणार नाही. आई आणि बाप दोघांनाही एकाच वेळी नेऊ नये, हेही कायद्यात लिहिलेलं असावं. युक्रेनने ऑक्टोबर 2023 पासून डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट स्त्रियांना लष्करी नोंदणी सक्तीची केली. डॉक्टर म्हणून मला ते पटतं, कारण त्या कामाला माणूसच मिळत नसेल तर जखमी मरतो.

छळाच्या बाबतीत मी तुम्हाला गोड बोलणार नाही. उत्तर नॉर्वेतल्या तळांवर मुलं-मुली एकाच खोलीत राहतात. अभ्यासकांनी तिथे राहून पाहिलं तेव्हा दिसलं, की रोज सकाळी विस्कटलेल्या केसांनी शेजारच्या पलंगावरून उठणारी मुलगी मुलांना हळूहळू जोडीदार सैनिक वाटायला लागते, आणि चावटपणा कमी होतो. सासूबाईंना ही खोली सांगू नका, एवढंच. पण तिथल्याच सैन्याची सर्वेक्षणं तरुण स्त्रियांना होणारा त्रासही कबूल करतात. सक्तीच्या सेवेत हा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण नोकरी सोडता येते, सक्तीची सेवा अशी सोडता येत नाही. जे सरकार मुलीला कायद्याने आणतं, त्याने तिची तक्रार तिच्याच प्लॅटून कमांडरकडे न जाता बाहेर कुणाकडे तरी जाईल अशी सोय केलीच पाहिजे. मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं, की तक्रार कोणाकडे करायची, आणि ते नाव-नंबर तुम्हालाही देऊन ठेवावं.

तुमच्या पत्रात तुमच्या भावाचाही एक प्रश्न आहे, की भारतातही असं करावं का. नको. आपल्याकडे भरतीच्या मैदानावर जागांच्या कितीतरी पट पोरं रांगेत असतात, सक्तीची गरजच नाही. कायद्याच्या अभ्यासकांनी मात्र एक जागा बघून ठेवावी. आपल्या राज्यघटनेच्या कलम 23 मध्ये सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा सरकारला आहे आणि त्यात धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करू नये असं लिहिलंय. लिंगाचा उल्लेख तिथे नाही. आपल्याकडची लढाई अजून दारापाशीच आहे. डॉक्टर आणि नर्स सोडून इतर शाखांत मुली अधिकारी म्हणून आल्या त्या 1992 पासून, कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याच्या हक्काचा, मोठा निकाल आला फेब्रुवारी 2020 मध्ये. आणि 30 मे 2025 ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या, तेव्हा मी पुण्यात घरी टीव्हीसमोर उभी राहून ते संचलन पाहिलं.

आता तुमच्या लेकीसाठी, डॉक्टर म्हणून. सेवेला अजून वर्ष-दोन वर्षं आहेत, हा वेळ फार मोलाचा. तुम्ही घरी शाकाहारी आहात असं लिहिलंय, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन न बघता फेरिटिन तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा रिकामा असतो, असं आपल्या मुलींत सर्रास आढळतं. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला, 54.2 टक्के, आणि घरची खाण्याची सवय विमानात बसली म्हणून बदलत नाही. ड जीवनसत्त्वही बघा. सावळ्या कातडीला नॉर्वेच्या हिवाळ्यात ऊन मिळतच नाही. अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांवर महिला रिक्रूटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर पाचव्या हिश्शाने कमी झाले. गोळ्या मात्र तिथल्या डॉक्टरांना विचारून, मनाने नाही.

धावणं आत्ताच सुरू करू दे, आठवड्याला थोडं थोडं वाढवत, आणि उड्या, बैठका, वजन उचलणंही. नुसत्या धावण्याने हाडं तयार होत नाहीत. प्रशिक्षणात पाळी थांबली तर मुली खूश होतात, कटकट गेली म्हणून. तिला आत्ताच सांगून ठेवा की ती धोक्याची घंटा आहे. पोटात पुरेसं जात नाही आणि शरीर हाडांतून उसनं घेतंय, असा त्याचा अर्थ. बूट मिळतील त्या दिवशी टाच उचलत असेल तर तिथेच बदलून मागायचे, लाजायचं नाही. आणि नडगीवर बोट ठेवून एकाच ठिकाणी दुखत असेल, किंवा जांघेत दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, परीक्षा आठ दिवसांवर असली तरी. एक्स-रे चांगला आला तर तिने एमआरआय मागायचा. फेरिटिनचा रिपोर्ट आला की मला कळवा.